एम्मा मर्स्क : एवढ्या मोठ्या जहाजाला इंजिन एकच का?

उद्यमबाग_मशीनशॉप
नमस्कार मंडळी. मी बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपला आहे, बावीस वर्षं झाली. पंपाच्या आणि व्हॉल्व्हच्या बॉडीचं काम जास्त. तयार माल लाकडी खोक्यात, खोकी कंटेनरमध्ये, कंटेनर न्हावाशेव्याला आणि तिथनं पुढं युरोप. ट्रेलर गेटाबाहेर गेला की आपला विषय संपला असंच इतकी वर्षं धरलेलं. गेल्या महिन्यात मुलीनं विचारलं, पप्पा तुमची पेटी पुढं ज्या जहाजात चढते ते केवढं असतंय? मला सांगता आलं नाही. म्हणून रात्री बसून वाचत गेलो आणि एम्मा मर्स्क या कंटेनर जहाजावर येऊन थांबलो ते अजून तिथंच आहे.

डेन्मार्कमध्ये ओडेन्सजवळच्या लिंडो यार्डात बांधलेलं, २००६ चं. लांबी ३९७ मीटर, रुंदी ५६. वीस फुटी कंटेनर एकापुढं एक लावले तर नुसत्या लांबीत पासष्ट बसतात. मर्स्क कंपनीनं सुरुवातीला क्षमता सांगितली ११,००० कंटेनरची, तेवढे ट्रेलर काढून टाकून नुसते डबे रस्त्यावर एका रांगेत ठेवले तर बेळगावातनं सुरू झालेली रांग संकेश्वर मागं टाकून निपाणीच्या वाटेला लागेल.

आणि हे सगळं ओढायला इंजिन एक. पाणी मागं ढकलणारा पंखा (प्रॉपेलर) एक. इंजिनाचं मॉडेल वार्टसिला-सुल्झर १४आरटी-फ्लेक्स९६सी, चौदा सिलेंडर एका ओळीत, बोअर म्हणजे सिलेंडरची आतली रुंदी ९६० मिलिमीटर, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव २,५०० मिलिमीटर, ताकद ८०,०८० किलोवॅट म्हणजे एक लाख नऊ हजार हॉर्सपॉवरच्या आसपास, वजन २,३०० टन. मी हिशोब केला, एका सिलेंडरचं माप अठराशे लिटर येतंय, घराच्या गच्चीवरच्या हजार लिटरच्या जवळजवळ दोन टाक्या एका सिलेंडरात. आमच्यात कुठल्याही महत्त्वाच्या लाइनला स्टँडबाय पंप ठेवतात. समुद्राच्या मधे एकच इंजिन का ठेवलं असेल? इथं कोणी जहाजावर काम केलेलं असेल तर सांगा, मनापासून विचारालोय.

निपाणी_ट्रेलर
मस्त धागा अण्णा. आमचे तीन ट्रेलर आहेत, निपाणी ते न्हावाशेवा नेहमीचं. तुमच्या उद्यमबागेचा माल पण नेलाय. लोक जहाजाचं कौतुक करतात पण खरं डोकं त्या डब्यात आहे. चार कोपऱ्याला चार कास्टिंग, त्यात ट्विस्ट लॉक फिरवला की डबा ट्रेलरला पक्का, तोच डबा तसाच जहाजावर दुसऱ्या डब्याला पक्का. जगात कुठंही जा कोपऱ्याचं माप तेच. १९५६ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत माल्कम मॅक्लीननं नेवार्कहून ह्यूस्टनला पहिल्यांदा असे ५८ डबे पाठवले, आयडियल-एक्स नावाच्या जुन्या तेलवाहू जहाजाच्या डेकवर. तो पण ट्रकवालाच, आपल्यातलाच माणूस. त्याच्या आधी पोतं, पिंप, खोकं सगळं हातानं चढायचं आणि जहाज बंदरात दिवसच्या दिवस पडून असायचं.

सदलगा_बॉय
११,००० चुकीचं आहे दादा. १४,००० च्या वर बसतात.

उद्यमबाग_मशीनशॉप
@सदलगा_बॉय चुकीचं म्हणण्यापेक्षा मोजायची पद्धत वेगळी. कंपनी प्रत्येक डबा १४ टन भरलेला धरून मोजायची, म्हणजे तेवढ्या वजनाचे ११,००० नेले तरी जहाज स्थिर राहतंय. बाकीचे लोक जागा मोजतात, रिकामे हलके धरून किती बसतील, ते चौदा हजारांच्या वर जातंय. दोन्ही आकडे खरे. डेकवर आडव्या बावीस रांगा आहेत, पनामा कालव्याच्या जुन्या लॉकमधनं जाणाऱ्या जहाजाला तेराच बसायच्या. म्हणजे पनामातनं जायचंच नाही हे धरूनच हे जहाज आखलेलं, आशिया ते युरोप सुएझमार्गे एवढंच काम.

शहापूरची_शिक्षिका
मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. वाचनात आलं की हे जहाज फक्त १३ माणसांवर चालू शकतं, हे खरं आहे का? तेरा माणसं आणि अकरा हजार डबे, वर्गातल्या मुलांना सांगितलं तर विश्वास ठेवणार नाहीत.

मोटरमन_खानापूर
नमस्कार सगळ्यांना. मी जांबोटीच्या बाजूचा, इंजिन रूमला मोटरमन आहे, सध्या कॉन्ट्रॅक्ट संपवून, साइन ऑफ होऊन घरी आलोय. पाऊस असा लागलाय की दोन दिवस लाइट नव्हती म्हणून उशीर झाला. एम्मावर मी काम केलेलं नाही हे आधीच सांगतो, पण त्याच घराण्यातल्या आठ सिलेंडरच्या इंजिनावर दोन कॉन्ट्रॅक्ट केलीत त्यामुळं जे माहीत आहे ते सांगतो.

बाई, १३ खरं आहे, राहायची सोय ३० जणांची आहे. रात्री इंजिन रूममध्ये माणूस नसतो, अलार्म लागला तर ज्याची ड्युटी तो खाली पळतो.

आता मशीनशॉपवाल्या अण्णांचा प्रश्न. एकच इंजिन हे काटकसर म्हणून नसतं. पंखा जितका मोठा आणि जितका हळू फिरेल तितकं तेल कमी जळतं, म्हणून एक भलामोठा पंखा आणि त्याला थेट जोडलेलं हळू फिरणारं टू-स्ट्रोक इंजिन. मधे गिअरबॉक्स नाही, क्लच नाही. इंजिन १०२ आरपीएमला फिरलं तर पंखा पण १०२. मागं जायचं असेल तर इंजिन बंद करून उलटं सुरू करायचं. तुमच्या लेथचा स्पिंडल सुद्धा यापेक्षा जोरात फिरतो. पिस्टन सरळ क्रँकला जोडलेला नसतो, मधे क्रॉसहेड असतं, पिस्टन रॉड सरळ खालीवर जातो आणि क्रॉसहेडच्या खाली कनेक्टिंग रॉड हलतो, त्यामुळं लायनरवर, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या अस्तरावर, आडवा दाब येत नाही. म्हणून तर अडीच मीटरचा स्ट्रोक शक्य होतो. तेलातल्या उष्णतेच्या निम्म्यापेक्षा जरा जास्त भागाचं काम होतं, गाडीच्या इंजिनात हे स्वप्नात पण नाही. वर धुराच्या उष्णतेवर वाफ करून वीज करतात ते वेगळंच.

आणि एक सिलेंडर बिघडला तर तेवढा एक बंद करून बाकीच्यावर बंदर गाठता येतं. तुमचा स्टँडबाय म्हणजे उरलेले तेरा सिलेंडर.

उद्यमबाग_मशीनशॉप
वा! हे तेरा सिलेंडरचं डोक्यातच आलं नव्हतं. गिअरबॉक्स नाही हे वाचून तर मी उठून उभा राहिलो.

पंख्याबद्दल सांगतो कारण तो आमच्या धंद्यातला विषय. एम्माचा पंखा १३१ टनाचा, सहा पात्यांचा, अखंड ओतलेला. ओतला कुठं तर जर्मनीत वारेन नावाच्या गावात मेक्लेनबुर्गर मेटालगुस म्हणून फाउंड्री आहे तिथं. मी नकाशा काढून बघितला, वारेन समुद्रावर नाही, आत तळ्याकाठी आहे! समुद्रापासून लांब, आत असलेलं फाउंड्रीचं गाव आणि त्या वेळच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या कंटेनर जहाजाचा पंखा तिथनं. बेळगावच्या माणसाला हे वाचून कसं वाटलं असेल ते इथल्या फाउंड्रीवाल्यांना कळेल.

भट्टीजवळचा
कळलं अण्णा. मी मोल्डिंगला आहे, आमच्यात पाचशे किलो वितळलेल्या धातूची लॅडल (बादली) ओतताना सगळे श्वास धरून उभे असतात. १३१ टन तयार वजन म्हणजे रायझर (आखडताना कमी पडणारा धातू पुरवायला वर ठेवलेला जादा साठा) वगैरे धरून धातू त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त ओतायला लागतो आणि तो एका भट्टीतनं येणं शक्य नाही, बऱ्याच भट्ट्यांचा धातू एका वेळी तयार पाहिजे आणि ओतायला सुरुवात केली की मधे थांबता येत नाही, थांबला की थर पडला आणि थर पडला की पातं तिथंच तुटणार. परत पंख्याचं ब्राँझ, आपलं ग्रे आयर्न नव्हे, ब्राँझ जास्त आखडतं. पात्याचं टोक पातळ, मधला बॉस जाड, पातळ आधी थिजणार जाड नंतर. बॉसवर किती मोठा रायझर ठेवला असेल देव जाणे. ब्लो होल, म्हणजे आत हवेचं भोक, राहिलं तर समुद्राच्या पाण्यात तिथनंच खाल्लं जाणार. त्या लोकांना माझा दंडवत.

शहापूरची_शिक्षिका
मी वर्गात घन म्हणजे क्यूब शिकवताना आता हेच उदाहरण घेणार आहे म्हणून हिशोब इथे टाकते, चुकला असेल तर मोटरमन दादांनी सांगावा.

जहाजाला लागणारी ताकद साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. एम्मा २५ नॉटच्या थोड्या वर जाऊ शकते (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, साधारण १.८५ किलोमीटर). २५ वरून २० नॉटवर आणलं म्हणजे वेग चार-पंचमांश झाला, त्याचा घन ०.५१, म्हणजे ताकद जवळजवळ निम्मी. प्रवासाला वेळ सव्वापट लागेल, तरी एकूण तेल ०.६४ पट, म्हणजे शंभरातले छत्तीस वाचले! वेग फक्त पाचवा भाग कमी केला आणि तेल तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त वाचलं. पूर्ण ताकदीला एका किलोवॅट-तासाला १७० ग्रॅम तेल धरलं तर तासाला साडेतेरा टन, दिवसाला सव्वातीनशे टन जळतं, त्यातला हा वाटा आहे.

मग माझी शंका अशी की २००६ मध्ये एवढी ताकद बसवली ती चूक ठरली का? दोनच वर्षांत २००८ ची मंदी आली, त्याच वर्षी तेल पण कडाडलं होतं, आणि सगळी जहाजं हळू चालवायला लागले.

निपाणी_ट्रेलर
चूक कशी बाई, त्या वेळी माल वेळेत पोचवायचाच धंदा होता. २००६ च्या नोव्हेंबरात हे जहाज ख्रिसमसचा माल घेऊन इंग्लंडात फेलिक्सस्टो बंदराला लागलं तर तिथल्या पेपरात त्याची केवढी चर्चा. आम्ही पण डिझेल स्वस्त होतं तेव्हा गाडी ऐंशीनं पळवायचो, आता साठनं चालवा म्हणून ड्रायव्हरला सांगतो.

मोटरमन_खानापूर
बाई हिशोब बरोबर आहे. समुद्रात वारा, लाटा, तळाला चिकटलेलं शेवाळ यानं थोडा फरक पडतो पण नियम तोच. तळाला चिकटू नये म्हणून तर एम्माला सिलिकॉनचा रंग दिलाय, त्यानं वर्षाला १,२०० टन तेल वाचतं असं कंपनीचं म्हणणं होतं.

पण चूक म्हणण्याआधी एक गोष्ट बघा, मला या जहाजात सगळ्यात महत्त्वाची हीच वाटते. इंजिनाच्या नावात फ्लेक्स आहे ना, ते सगळं सांगतं. जुन्या इंजिनाला कॅमशाफ्ट असतो, तेल कधी सोडायचं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कधी उघडायचा हे कॅमच्या आकारानं ठरतं आणि तो आकार फुल स्पीडसाठी घासलेला असतो. तसलं इंजिन हळू चालवलं की तेल नीट फवारत नाही, काळा धूर, अर्धवट जळलेलं तेल, सगळा राडा. फ्लेक्समध्ये कॅमशाफ्टच नाही! कॉमन रेल आहे, तेल कायम दाबाखाली तयार, कधी आणि किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. एका सिलेंडरला तीन इंजेक्टर, लोड फार कमी झाला तर तिन्हीतला एखादाच चालवायचा, म्हणजे थोडं तेल पण जोरात फवारलं जातं. त्यामुळं धावायला म्हणून बांधलेलं हे इंजिन चालायला पण तयार होतं.

तरी हळू चालवणं सुखाचं नाही हे मी स्वतः भोगलंय. धूर थंड पडतो त्यामुळं टर्बोचार्जरला आणि एक्झॉस्ट बॉयलरला काजळी धरते, वाढली तर पेट घेते, म्हणून मधनं मधनं थोडा वेळ लोड वाढवून काजळी उडवून लावायची. टर्बोला हवा पुरत नाही म्हणून ऑक्झिलरी ब्लोअर सारखे चालू. लायनर थंड राहिला की तेलातल्या गंधकाचं ॲसिड त्याच्यावर बसतं आणि लायनर खातं, मग सिलेंडर ऑइल कुठलं आणि किती घालायचं याची रोज काळजी. पिस्टनच्या खालच्या जागेत उतरून काजळी खरवडायला मी गेलोय, बाहेर आलो की आपलं तोंड आपल्याला ओळखू येत नाही. तेल वाचतं ते कंपनीला, त्याची मजुरी इंजिन रूमला. पण वाचायला पाहिजे हे मला पटतं.

सदलगा_बॉय
मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. २००६ मध्ये बांधताना पण हे जहाज जळलेलं ना? आणि सुएझमध्ये पाणी शिरलेलं ते कशामुळं? कोणीतरी नीट सांगा प्लीज.

उद्यमबाग_मशीनशॉप
जळलेलं ते मी सांगतो. २००६ चा ९ जून, यार्डातच वेल्डिंगचं काम चालू असताना आग लागली आणि वरची राहायची इमारत, ब्रिज, सगळं गेलं. जहाज जवळजवळ तयार झालेलं. तरी दोन महिन्यांत, १२ ऑगस्टला नाव ठेवायचा कार्यक्रम झाला आणि ८ सप्टेंबरला आरहूसहून पहिल्या फेरीला निघालं. कसं जमलं? मागनं बांधत असलेल्या भावंड जहाजाची वरची इमारत उचलून हिच्यावर बसवली. एकसारखी आठ जहाजं एका ड्रॉइंगवर बांधायचा हा फायदा, आमच्यात एका ऑर्डरचा पीस स्क्रॅप झाला तर दुसऱ्या ऑर्डरमधला देऊन वेळ निभावतात ते आठवलं. फक्त इथं पीस म्हणजे कित्येक मजल्यांची इमारत.

ते यार्ड २०१२ ला बंद झालं याचं मात्र वाचून वाईट वाटलं. त्या वेळचं जगातलं सगळ्यात मोठं कंटेनर जहाज बांधणारी माणसं, आणि सहा वर्षांत गेट बंद, कामं कोरिया-चीनकडं गेली.

मोटरमन_खानापूर
@सदलगा_बॉय सुएझचं ऐक, तुला पुढं उपयोगी पडेल. १ फेब्रुवारी २०१३ ची रात्र. बंदरात जहाज आडवं सरकवायला पुढं आणि मागं आडव्या बोगद्यात छोटे पंखे असतात, त्यांना थ्रस्टर म्हणतात. मागचा एक थ्रस्टर मोडला आणि त्याच्या मोडण्यानं हल, म्हणजे जहाजाचं बाहेरचं कवच, फाटून पाणी शाफ्ट टनेलमध्ये यायला लागलं. शाफ्ट टनेल म्हणजे इंजिनापासून मागच्या पंख्यापर्यंत शाफ्ट जातो तो बोगदा, एम्माचं इंजिन शेपटापासून बरंच पुढं आहे त्यामुळं बोगदा लांबच लांब.

आता इथवर जहाजाला धोका नाही, कारण टनेल आणि इंजिन रूमच्या मधे वॉटरटाइट बल्कहेड, म्हणजे पाणी न जाऊ देणारी भिंत, असते. टनेल भरू दे, भिंत धरणार. पण त्या भिंतीतनं विजेच्या केबल जातात, केबलसाठी भोकं असतात, आणि भोकं सील केलेली असतात. टनेल भरल्यावर पाण्याच्या दाबानं ती सीलच धरली नाहीत. तिथनं पाणी इंजिन रूममध्ये आलं आणि जगातलं सगळ्यात मोठं इंजिन पाण्यात उभं राहिलं. भिंत सलामत, भोक गेलं. डेन्मार्कच्या अपघात चौकशीत हेच निघालं.

टगनी, म्हणजे ओढणाऱ्या छोट्या बोटींनी, धरून पोर्ट सैदच्या टर्मिनलला लावलं, माणसं सगळी सुखरूप, कंटेनर तिथं उतरवले. मग ओढत इटलीत पालेर्मोला नेलं, तिथं दुरुस्ती. ऑगस्टमध्ये परत कामाला लागलं. माझ्या अनुभवानं लोखंडाच्या मोठ्या भागांना खाऱ्या पाण्याचं फार काही होत नाही, उघडा, धुवा, तेल लावा. जातं ते इलेक्ट्रिकल. मोटारी, पॅनेल, केबल, सेन्सर. फ्लेक्स इंजिनात तर सगळा जीव त्यातच.

उद्यमबाग_मशीनशॉप
हे वाचून मी जेवता जेवता थांबलो. आमच्याकडं व्हॉल्व्ह बॉडीची हायड्रो टेस्ट असते, पाणी भरून प्रेशर लावून धरायचं. एकदा मोठ्या बॉडीला गळती लागली म्हणून अख्खा दिवस कास्टिंगमध्ये दोष शोधत बसलो, खडू लावून बघितलं, काही नाही. शेवटी निघालं काय तर टेस्टिंगसाठी आम्हीच पाडलेल्या अर्ध्या इंचाच्या भोकाचा प्लग. तेव्हापासनं मी प्लग आधी बघतो. म्हणून विचारतो, त्या केबलच्या सीलांची कधी प्रेशर लावून टेस्ट होते का? का नुसतं डोळ्यानं बघून पास?

मोटरमन_खानापूर
मी ज्या जहाजांवर होतो तिथं डोळ्यानं बघायचे. जहाज बांधून झाल्यावर प्रत्येक कप्पा पाण्यानं भरून बघत नाहीत अण्णा, म्हणून तर सील चांगल्या जातीचं आणि बसवताना नीट बसवलेलं पाहिजे. तुमच्यासारखा माणूस यार्डात पाहिजे.

शहापूरची_शिक्षिका
एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. एम्मा हे मर्स्क कंपनीचे अनेक वर्षं प्रमुख असलेले मर्स्क मॅक-किनी मोलर यांच्या पत्नीचं नाव, त्या २००५ च्या डिसेंबरात गेल्या आणि पुढच्या वर्षी जहाजाला त्यांचं नाव दिलं. मोलर स्वतः २०१२ च्या एप्रिलमध्ये गेले. त्यांच्या नावाचं जहाज कंपनीच्या ताब्यात आलं जुलै २०१३ मध्ये, आणि त्या वेळी एम्मा पालेर्मोला दुरुस्तीत होती. पुढच्याच महिन्यात ती परत समुद्रावर आली. मी हे वाचून बराच वेळ गप्प बसले.

आणि मशीनशॉपवाल्या दादांचा मूळ प्रश्न इथे परत येतो. नव्या जहाजाची लांबी ४०० मीटर, रुंदी ५९, कंटेनर १८,००० च्या वर, आणि त्याला इंजिनं दोन, पंखे दोन! म्हणजे कंपनीनं आपलं मत बदललं ना?

मोटरमन_खानापूर
बदललं, पण तुम्ही समजताय त्या कारणानं नव्हे बाई. सुरक्षिततेसाठी दुसरं इंजिन ठेवलं असं नाही. ते जहाज पहिल्यापासनं हळू चालायला आखलं, २३ नॉटच्या आसपास वरची मर्यादा. वेग कमी म्हटल्यावर हल निमुळती ठेवायची गरज उरली नाही, पोट फुगवून खाली यू आकार केला आणि डबे जास्त बसवले. तसल्या रुंद शेपटाखाली दोन पंखे बसतात, दोघांची मिळून पाणी ढकलायची जागा एका पंख्यापेक्षा जास्त, म्हणून दोन हळू फिरणारी इंजिनं. एम्मा २५ नॉटची म्हणून एक, हे २३ ची म्हणून दोन. आधी वेग ठरतो, मग बाकी सगळं.

निपाणी_ट्रेलर
२०२५ च्या जूनमध्ये केरळात विळिंजमला एमएससी इरिना लागलं ते २४,३४६ कंटेनरचं. लांबी बघा, तेच ४०० मीटर. एम्मानंतर लांबी तीन मीटर वाढली आणि माल कुठल्या कुठं गेला.

भट्टीजवळचा
मोटरमन भाऊ, एवढ्या इंजिनाचा पिस्टन बाहेर कसा काढता? आणि ९६० चा बोअर झिजलाय का ते मोजता कसं?

मोटरमन_खानापूर
वर इंजिन रूमची क्रेन असते. आधी एक्झॉस्ट व्हॉल्व्हसकट सिलेंडर कव्हर उचलून बाजूला. खाली क्रॉसहेडपाशी पिस्टन रॉड मोकळा करायचा, नट हायड्रॉलिक जॅकनं ताणून सैल करतात, पान्यानं होत नाही. मग रॉडसकट पिस्टन सरळ वर. त्याच्या आधी लायनरच्या वरच्या कडेचा कार्बन घासून काढायचा नाहीतर रिंगा अडकतात. रिकामा झाला की आत शिडी सोडून माणूस उतरतो. खुणा केलेली पट्टी लायनरला उभी लावायची, तिच्यावरच्या प्रत्येक खुणेपाशी इनसाइड मायक्रोमीटरनं दोनदा मोजायचं, एकदा जहाजाच्या लांबीच्या दिशेनं आणि एकदा रुंदीच्या. वर जास्त झिजलेलं असतं, खाली कमी.

उद्यमबाग_मशीनशॉप
मायक्रोमीटर आणि लायनर एका तापमानाला आणता का आधी? एवढ्या बोअरला दहा डिग्रीचा फरक म्हणजे एक दशांश मिलिमीटरला जाऊन पोचतो.

मोटरमन_खानापूर
हो. मायक्रोमीटर आदल्या रात्रीपासनंच इंजिन रूममध्ये लायनरपाशी ठेवून देतो. सेकंड इंजिनियर तापमान लिहून घेतो तेव्हाच मोजायला सुरुवात. पुढच्या वेळी चढलो की तुमच्यासाठी त्या कागदाचं आकडे झाकलेलं कोरं स्वरूप टाकतो इथं, कुठली खूण कुठं असते ते बघा.